हरकती आणि सूचना

मराठी शिकवणाऱ्या माणसाला सरकारी जाहिराती वाचण्याचा नाद लागला, तर नवल नाही. त्यांत 'हरकती व सूचना' ही जोडी हटकून भेटते. या दोघी जावाच म्हणा ना! पण थोरलीचा आवाज घरभर, आणि धाकटी बिचारी दाराआड उभी.

थोरलीला कायद्याचे पाठबळ आहे. १९६६च्या नगररचना कायद्यानुसार शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवावा लागतो. बागेची जागा राहिली की गेली, हे त्यात दिसते. १९७५च्या कायद्यानुसार शहरातले झाड तोडायचे, तर नोटीस त्या झाडावरच लावावी लागते. या हरकतीचे सामर्थ्य मुंबईने पाहिले आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये निघालेला आराखड्याचा मसुदा लोकांच्या गदारोळामुळे एप्रिलमध्ये सरकारला बाजूला ठेवावा लागला.

पण बाग वाचली म्हणजे ती चालली, असे नव्हे. नळ कुठे हवा, कोणते बाक भर उन्हात तापते, कोणत्या कोपऱ्यात दिवा नाही म्हणून बायका फिरकत नाहीत, हे सांगायला धाकटीच लागते. पुण्यात २००६पासून नागरिकांनी अशी छोटी कामे सुचवावीत आणि महापालिकेने ती अंदाजपत्रकात धरावीत, अशी सोय झाली. सोय चांगलीच, पण अर्ज भरतो कोण? सकाळी फेऱ्या मारणारे आम्ही पेन्शनीतले आणि पगारी लोक! आमची मागणी ठरलेली: फरसबंदी हवी, आणि 'नको ती माणसे' आत नकोत.

ही 'नको ती माणसे' म्हणजे कोण? चार घरची धुणीभांडी करून दुपारी घटकाभर टेकू पाहणारी बाई, डोक्यावरची पाटी उतरवून सावली शोधणारा फेरीवाला. आणि नेमक्या त्याच वेळी कितीतरी बागांच्या फाटकाला कुलूप असते! ज्यांच्या घरी गच्ची नाही, अंगण नाही, त्यांना बागेची गरज सर्वांत जास्त. आणि त्यांचा अर्ज मात्र कधीच येत नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. बागेविषयीचे प्रश्न फाटकावरच लावा, बोलतो त्या मराठीत लावा. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे माळ्याने ऐकून टिपून घ्यावे. माळ्यालाही विचारा, कोणते झाड कशाने वाळले, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?

आणि वाचकहो, पुढचा अर्ज भराल तेव्हा एक ओळ दुपारच्या कुलपाविषयीही लिहा.