सिगारेट ब्रेक आणि डोक्याचा हिशेब

‘एक झुरका मारला की डोकं चालतं,’ हे वाक्य ऑफिसखालच्या कुठल्याही टपरीवर ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. धुरातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं, डोपामिन वाढतं, बरं वाटतं. रक्तातलं त्याचं प्रमाण मात्र साधारण २ तासांत निम्म्यावर येतं. मग चिडचिड, अस्वस्थपणा, समोरची ओळ दोनदा वाचावी लागणं. पुढची सिगारेट ही तूट भरून काढते आणि माणसाला वाटतं, बुद्धी तल्लख झाली. खरं तर तो बहुतांशी न ओढणाऱ्या सहकाऱ्याच्या पातळीवर परत आलेला असतो.

ताण हलका होतो, हा समजही तसाच. २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात, सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले.

राहिला वेळेचा हिशेब. टोकियोतल्या पियाला कंपनीचं ऑफिस २९व्या मजल्यावर. खाली जाऊन ओढून यायला पंधराएक मिनिटं लागत. या ब्रेकबद्दल तक्रार आल्यावर २०१७ मध्ये कंपनीने न ओढणाऱ्यांना वर्षाला ६ दिवस जादा पगारी रजा दिली. दंडापेक्षा हा मार्ग मला अधिक माणुसकीचा वाटतो. कारण विश्रांतीची गरज खरीच आहे: जागेवरून उठणं, चार पावलं चालणं, कुणाशी दोन शब्द बोलणं. ते मिळवायला हातात सिगारेट असावी लागू नये.

सोडायची असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन (मोफत): १८००-११-२३५६