प्रतिपिंडांची साक्ष

गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही. त्या विषाणूला ओळखून त्यास चिकटणारी प्रथिने रक्तात तयार झालेली असतात, हे त्याचे कारण होय. ह्यांनाच प्रतिपिंडे म्हणतात. प्रत्येक प्रतिपिंड आपल्या ठराविक आकाराच्या पदार्थालाच बिलगते.

ह्या गुणाचा उपयोग शास्त्रज्ञांनी हेरासारखा केला. हवे ते प्रथिन सशाला टोचावे. सशाचे शरीर त्यास परके मानून प्रतिपिंडे निर्माण करते. १९४१ साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडांना चकाकणारा रंग जोडला. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते प्रथिन जेथे असेल तेथे प्रकाश दिसू लागला.

मेंदूच्या वाढीत ‘डबलकॉर्टिन’ नावाचे एक प्रथिन आहे. नवजात मज्जापेशी आपल्या जागेकडे सरकत असताना ते त्यांच्यात असते. पेशी प्रौढ झाली की मावळते. गर्भावस्थेत ते सदोष असल्यास पेशी वाटेतच अडकतात आणि मुलाला आकडी व मतिमांद्य भोगावे लागते. तेव्हा हे प्रथिन दिसले की नवी पेशी जन्मली, असे अनुमान निघते.

पण प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या पेशी जन्मतात काय? २०१८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांना स्मृतीशी निगडित भागात त्या आढळल्या नाहीत. २०१९ साली माद्रिदच्या संशोधकांना मात्र ४३ ते ८७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींच्या मेंदूंत त्या हजारोंनी दिसल्या, आणि अल्झायमरच्या रोग्यांत त्यांची संख्या घटलेली आढळली.

एवढी तफावत का? माद्रिदकरांनी एकाच मेंदूचे तुकडे निरनिराळा वेळ रसायनात मुरवून पाहिले. मुरवण जितकी लांबली तितका प्रकाश मंदावला. रसायनाने प्रथिने जखडली जाऊन प्रतिपिंडाला बिलगण्याची जागा सापडेना. उलटपक्षी, उजळलेली प्रत्येक पेशी नवजातच कशावरून, असा प्रश्न टीकाकारांनी उभा केला. वाद अद्याप मिटलेला नाही.

म्हणून ह्या साक्षीदाराची उलटतपासणी आवश्यक ठरते. ज्या उंदरात ते प्रथिन घडविणारे जनुकच काढून टाकले आहे, त्याच्या मेंदूवर प्रतिपिंड घालून पाहावे. तेथेही प्रकाश दिसला, तर साक्ष खोटी समजावी. विस्मरणाने ग्रासलेल्या वृद्धांसाठी उद्याचे उपचार ज्या ज्ञानावर उभे राहावयाचे, त्याचा पाया असा पारखून घेतलेलाच बरा.