पेठ आणि शिदोरी

जुने व्यापारी गाव जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे? जपानने १९७५ मध्ये वारसा संरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून एकट्या इमारतीऐवजी घरांच्या सबंध ओळीलाही संरक्षण दिले. ताकायामा येथील लाकडी घरांच्या व्यापारी आळ्या या तरतुदीखाली येतात. तेथे वाळलेल्या पानावर भाजलेला मिसोही मिळतो.

सोलापुरात भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे. पेठांमधील जुन्या वाड्यांच्या जागी मात्र नव्या इमारती उभ्या राहत आहेत. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ ही नावे तेवढी राहिली आहेत.

येथील खाद्यपदार्थ अधिक चिवट ठरले. कडक भाकरी ज्वारीचीच; पण पातळ थापून, भाजून, ओलावा पार जाईपर्यंत मंद आचेवर वाळविलेली. पाणी उरत नाही, म्हणून ती बरेच दिवस टिकते. शेंगाचटणीचेही तेच. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे व मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात. ते तेलच चटणीला बांधून ठेवते. (मिक्सरमधून पुष्कळदा नुसता कूट निघतो!) प्रवासाच्या शिदोरीला याहून सोयीचे काय असणार?

आता आपल्या गावच्या बाजारपेठेत जा. एखाद्या जुन्या दुकानाचे जोते, ओटा, माळा, कडीपाट यांची स्थानिक नावे तेथील वयोवृद्धांना विचारा व वहीत नोंदवा. वाडा पडला की हे शब्द उच्चारण्याचे निमित्तही उरत नाही.