९५ पैकी ७, १३० पैकी ५४

१९९५ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदवीला ९५ जणांनी प्रवेश घेतला. त्यांत मुली ७. २००० साली १३० पैकी ५४ मुली होत्या, म्हणजे ७ टक्क्यांवरून थेट ४२ टक्के. तुकडी ३५ने वाढली, मुली ४७ने वाढल्या आणि मुलगे ८८वरून ७६वर आले. देशभर मात्र उलटा प्रवाह होता. संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचा वाटा १९८४मध्ये सुमारे ३७ टक्के होता, तो २०००पर्यंत २८च्या आसपास उतरला.

प्रवेशाचा आकडा बातमीत शोभतो. खरी परीक्षा आत आलेल्या मुली टिकतात का, ही. आणि इथे टक्केवारी फसवते: सातांतली एक गेली की गळती १४ टक्के, चोपन्नांतली एक गेली तर दोनसुद्धा नाही. म्हणून संशोधक जेन मार्गोलिस आणि तिथलेच प्राध्यापक अॅलन फिशर यांनी शंभरावर विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. मुलांपेक्षा मुली जास्त प्रमाणात हा विषय सोडत होत्या. सोडताना त्या सांगत, आवड उरली नाही. पण मुलाखती सुरुवातीपासून पुढे वाचत गेलं की क्रम दिसे: आधी आत्मविश्वास जाई, मग आवड. शेजारचा मुलगा शाळेपासून प्रोग्रॅमिंग करत आलेला. त्याच्या तयारीलाच मुली त्याची हुशारी समजत. प्रत्यक्षात आधीचा अनुभव आणि पुढे पदवी पुरी होणं यांचा फारसा संबंध आढळला नाही. म्हणजे ज्या गोष्टीचा मुलींनी धसका घेतला होता, ती निर्णायक नव्हतीच!

मग बदल झाले. मूळचे आंध्रचे राज रेड्डी तेव्हा तिथे अधिष्ठाता होते. त्यांच्या काळात प्रवेशात पूर्वानुभवाला मिळणारं झुकतं माप गेलं. पहिल्या वर्षाला तयारीनुसार वेगवेगळे कोर्स आले. शाळांतल्या संगणक शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षणं झाली. मुलींची गळती मुलांच्या जवळपास आली. सगळं एकाच वेळी चाललेलं, त्यामुळे कुठल्या उपायाचं श्रेय किती, हे वेगळं काढणं अवघड.

कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजचं उदाहरण त्यामुळेच उपयोगी पडतं. मारिया क्लावे २००६मध्ये तिथे अध्यक्ष झाल्या. त्या सुमारास संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली जेमतेम १० टक्के होत्या, काही वर्षांत त्या ४०वर गेल्या. इथेही उपाय अनेक होते: पहिल्या वर्षानंतर लगेच संशोधनाची संधी, स्त्री-संगणकतज्ज्ञांच्या परिषदेची वारी. पण मुळात पहिला कोर्स बदलला. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेऐवजी पायथन आली, नवख्यांची तुकडी वेगळी झाली आणि वर्गात सारखी उत्तरं देऊन इतरांना गप्प करणाऱ्यांना प्राध्यापक बाजूला घेऊन समजावू लागले. कार्नेगी मेलन आणि हार्वी मड, दोन्हीकडे जुळणारा उपाय हाच: नवख्याला अनुभवी विद्यार्थ्याशी पहिल्याच सत्रात शर्यत लावायला लागू नये, अशी पहिल्या कोर्सची रचना.