ऑफर लेटरमधल्या ओळींचं वय

कॅम्पस प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की कँटीनमध्ये एकच विषय असतो. कुणाला किती पॅकेज? ऑफर लेटरची पीडीएफ उघडली की आपली नजर थेट आकड्यावर जाते. बाकीचं सगळं आपण अ‍ॅपच्या 'टर्म्स अँड कंडिशन्स'सारखं खाली सरकवून टाकतो. आठवड्याची सुटी, कामाचे तास, पगाराची तारीख, मॅटर्निटी लीव्ह. हे तर असतंच ना, त्यात काय वाचायचं?

पण हे सगळं आधी नव्हतंच. या प्रत्येक ओळीला एक जन्मसाल आहे आणि त्यातल्या बऱ्याच ओळींचा जन्म आपल्याच मुंबईत, लालबाग-परळच्या गिरणगावात झालाय. कुणीतरी काम थांबवलं, पगार बुडवला, उपाशी राहिलं, तेव्हा कुठे त्या कागदावर आल्या. म्हणून सही करण्याआधी त्या ओळींची गोष्ट एकदा ऐका.

रविवार, जन्म १८९०

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली. पुढच्या तीस वर्षांत शहराचं आकाश चिमण्यांनी भरून गेलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली, चाळीत एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहू लागले. कामाची वेळ काय? उजाडल्यापासून मावळेपर्यंत. सुटी मिळायची ती सणावाराला.

सरकारने १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा केला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी आली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा ठरली. मोठ्यांसाठी? काहीच नाही. मोठा माणूस आपलं आपण बघून घेईल, असं गृहीत धरलं होतं.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला कार्यकर्ता, गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेला माणूस आणि 'दीनबंधु' या वृत्तपत्राचा संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवलं. मागण्या बघा : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झाल्यास बरं होईपर्यंत पगार. आजचं एचआर पॉलिसीचं पान समोर ठेवलं तर निम्मं इथेच जुळतं.

निवेदनानंतर सहा वर्षं काही झालं नाही. मग २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, तेही ज्या काळात बाईने चारचौघांत तोंड उघडणं हीच बातमी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. आपल्या वीकेंडचा अर्धा भाग असा मिळालेला आहे.

दिवा लागला, पाळी लांबली

आता एक गंमत बघा. सूर्य मावळला की काम थांबायचं, हा कामगाराचा शेवटचा आधार होता. मालकाला अंधार विकत घेता येत नव्हता. १९०५ च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि तो आधारही गेला. पाळी पंधरा तासांपर्यंत ताणली गेली. त्याविरुद्ध कामगारांनी काम बंद केलं, दंगे झाले.

रात्री अकराला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'जरा अर्जंट आहे' असा मेसेज येतो, तेव्हा हीच गोष्ट नव्याने घडत असते. नवं तंत्रज्ञान आलं की तास कमी होतील असं आपल्याला वाटतं. तेव्हाही अनेकांना वाटलं होतं. प्रत्यक्षात तास कमी झाले ते असे : १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये ती अकरा झाली, १९३४ मध्ये दहा आणि १९४६ मध्ये नऊ, आठवड्याला ४८. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात या शेवटच्या बदलाची पायाभरणी झाली. म्हणजे तीन तास कमी करायला पस्तीस वर्षं लागली.

मधल्या काळात संप फक्त पगारापुरता राहिला नव्हता. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. वर्षाला एक दिवस, असा हिशोब. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. या संपाची दखल तिकडे लेनिननेही आपल्या लेखात घेतली.

सात जणांचा कायदा

तुम्हाला वाटेल, युनियन करण्यात काय कठीण आहे? शंभर वर्षांपूर्वी ते धोक्याचं होतं. मद्रासमध्ये १९१८ साली बी. पी. वाडिया यांनी कामगारांची युनियन उभी केली. गिरणीमालक कोर्टात गेले आणि हायकोर्टाने वाडियांविरुद्ध मनाई हुकूम दिला. कामगारांना एकत्र करणं म्हणजे मालकाच्या धंद्याचं नुकसान, असा मामला. १९२० मध्ये मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली 'आयटक' ही देशपातळीवरची संघटना स्थापन झाली आणि ना. म. जोशी यांच्यासारख्यांनी कायद्याचा पाठपुरावा केला. १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा आला. कोणत्याही सात जणांना युनियनच्या नोंदणीसाठी अर्ज करता येईल, असं त्यात म्हटलं होतं आणि नोंदणी झालेल्या युनियनला कटाच्या आरोपापासून संरक्षण मिळालं.

दोनच वर्षांत त्याची परीक्षा झाली. एक विणकर दोन साचे सांभाळायचा, मालकांना त्याच्याकडून तीन साचे चालवून हवे होते. माणसं कमी करायची, पगारही कापायचा. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाख कामगार, सहा महिने. पगार नाही, वाण्याची उधारी वाढलेली. बरेच जण गावी गेले, काहींनी दागिने विकले. याच संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि काही महिन्यांत तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले.

पण हा संप फक्त मालकांनाच प्रश्न विचारत होता असं नाही. गिरणीत सगळ्यात चांगली मजुरी साचा खात्यात, म्हणजे विणकामात. तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि सवर्ण विणकरांना विटाळ चालत नव्हता. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या कामगारांमध्येच हे चाललेलं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये युनियनच्या नेत्यांपुढे हा प्रश्न थेट ठेवला. तुम्ही मालकाकडे न्याय मागता, मग शेजारच्या खात्यातल्या माणसाचं काय?

हा प्रश्न पुढे प्रत्येक वेळी परत येतो. 'कामगार' म्हटलं की त्यात कोण धरलं जातं आणि कोण बाहेर राहतं?

संप करणं गुन्हा?

१९३८ मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. संपावर कडक बंधनं घालणारं. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं : माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावायचं आणि नकार दिला तर शिक्षा द्यायची, ही गुलामगिरी झाली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला.

यूपीएससी-एमपीएससी करणाऱ्यांसाठी इथे एक मुद्दा. संघटना स्थापन करणं हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) प्रमाणे मूलभूत हक्क आहे. संप करणं मात्र मूलभूत हक्क नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९६२ च्या बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात म्हटलंय. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. कायद्याने दिलेली गोष्ट कायदा बदलून कमीही करता येते, हे लक्षात ठेवा.

न संपलेला संप

लोअर परळच्या फिनिक्समध्ये आपण पिक्चर बघतो, कमला मिलमध्ये पार्टी करतो. नावातच मिल आहे, पण ती मिल कुठे गेली हे आपण फारसं विचारत नाही.

१८ जानेवारी १९८२. घाटकोपरचे डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार-बोनसची मागणी होतीच. त्याहून मोठं दुखणं होतं १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचं. या कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला बोलणी करायचा अधिकार होता आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचा विश्वास सामंतांवर, सही करायचा हक्क दुसऱ्याच युनियनकडे. आपलं प्रतिनिधित्व कोण करणार हे आपल्यालाच ठरवता येत नसेल तर? कॉलेजच्या निवडणुकांवरून भांडणाऱ्यांना हे पटकन कळेल.

मालक आणि सरकार दोघेही झुकले नाहीत. कापडाची मागणी भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांकडे वळली. तिथे मजुरी कमी, युनियन नाही. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, काही गिरण्या कमी माणसांत सुरू झाल्या, काही कधी उघडल्याच नाहीत. लाखाहून अधिक कामगारांची नोकरी गेली. संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधी झालीच नाही, म्हणून कागदोपत्री तो आजही चालू आहे असं म्हणतात. सामंत १९८४ मध्ये खासदार झाले आणि जानेवारी १९९७ मध्ये त्यांचा खून झाला.

या संपाचा निकाल काय लावायचा, यावर गिरणगावातल्या घराघरात आजही दोन मतं सापडतील. सामंतांनी ताणलं, असं म्हणणारे आहेत. मालकांना कापडापेक्षा गिरणीची जमीन जास्त मोलाची वाटू लागली होती, असं म्हणणारेही आहेत. एवढं नक्की, की हरलेल्या संपाची किंमत पुढच्या पिढीनेही मोजली. मुलांची शिक्षणं सुटली, बायका घरकामाला आणि डबे करायला बाहेर पडल्या. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न अजून सुटतोच आहे.

बदली आणि 'पार्टनर'

गिरणीत 'बदली' नावाचा कामगार असायचा. कायम नाही, रोज सकाळी गेटवर येऊन उभं राहायचं. कुणी रजेवर असेल तर त्या दिवसापुरतं काम, नाहीतर परत घरी. वर्षानुवर्षं काम करूनही त्याला कायम कामगाराचे हक्क नव्हते.

आता तुमच्या वर्गातला तो मित्र आठवा, जो लेक्चर संपलं की बॅग बदलतो, टी-शर्ट चढवतो आणि अ‍ॅपवर लॉग-इन करतो. गेटच्या जागी स्क्रीन आली, मुकादमाच्या जागी अल्गोरिदम. ऑर्डर आली तर कमाई, नाहीतर सिग्नलजवळ बाइकवर बसून राहायचं. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणते. शब्द छान आहे, पण कामगार नाही म्हटलं की रविवार नाही, ४८ तास नाहीत, पंधरा तारीख नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्ली परिसरात किराणा पोचवणाऱ्या एका अ‍ॅपच्या रायडर्सनी ऑर्डरमागचा दर कमी केला म्हणून काम थांबवलं. त्याच वर्षी राजस्थानने गिग कामगारांसाठी देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' या शब्दाची व्याख्या आली आणि कंपन्यांनी त्यांच्यासाठीच्या निधीत उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा द्यावा, अशी तरतूद झाली. व्याख्येत नाव येणं ही सुरुवात. लोखंड्यांच्या निवेदनापासून मान्य झालेल्या रविवारपर्यंत सहा वर्षं गेली होती, हे विसरू नका.

मी स्वतः सध्या इंटर्न आहे. माझ्या बॅचमधले निम्मे जण कुठे ना कुठे बिनपगारी किंवा नाममात्र स्टायपेंडवर काम करताहेत. आम्ही 'शिकतोय' म्हणून आमचे तास कुणी मोजत नाही. आम्हीही मोजत नाही, कारण सर्टिफिकेट हवं असतं. संप करा, असं मी सांगत नाहीये. पण निदान तास मोजायला काय हरकत आहे? १८८४ च्या त्या साडेपाच हजार जणांनीही आधी तेवढंच केलं. आपण किती वाजता येतो, किती वाजता जातो आणि पैसे कधी मिळतात, हे एका कागदावर लिहिलं आणि खाली सह्या केल्या.

सही करण्याआधी विचारा

• कागदावर माझं पद काय लिहिलंय? कर्मचारी, कंत्राटी, कन्सल्टंट, ट्रेनी की पार्टनर? हक्क या एका शब्दावर ठरतात.
• आठवड्याचे तास आणि सुटीचा वार लिहिलाय का?
• पगार किंवा स्टायपेंड कोणत्या तारखेला मिळणार?
• कामावर अपघात झाला तर खर्च कुणाचा?

यातलं उत्तर तोंडी मिळालं तर ते लेखी मागा. मुलाखतीत असं विचारलं तर वाईट दिसेल, अशी भीती वाटेल. १८९० मध्ये दहा हजार लोकांसमोर उभं राहून बोलणाऱ्या त्या दोघींनाही ती वाटली असणारच.