पेशीपटल, पाणी आणि जलसंजीवनी

पेशीभोवतीचे प्रद्रव्यपटल पाण्याला वाट देते, परंतु विरघळलेले क्षार व शर्करा यांना निवडूनच आत घेते. त्यामुळे पटलाच्या ज्या बाजूस विद्राव्याचे प्रमाण अधिक, त्या बाजूकडे पाणी सरकते. या क्रियेस परासरण म्हणतात. अनेक पेशींच्या पटलात पाण्यासाठी खास प्रथिनमार्ग असतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पेशी क्षार हलवते आणि पाणी त्यांच्यामागे जाते. पटकीच्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकू लागतात व शरीरातील पाणीही निघून जाते. नुसते पाणी पाजून ही हानी भरून निघत नाही. मात्र सोडियम व ग्लुकोज यांना एकत्र आत नेणारे वाहक प्रथिन या आजारातही कार्यरत राहते. म्हणून मीठ व ग्लुकोज योग्य प्रमाणात दिल्यास पाणी पुन्हा शोषले जाते. हेच जलसंजीवनीचे तत्त्व होय.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण तोंडावाटे देण्याची व्यवस्था केली. मृत्युप्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

द्रावण अतितीव्र झाल्यास पाणी उलट आतड्यात ओढले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये त्याची तीव्रता ३११ वरून २४५ मिलिऑस्मोल प्रति लिटर केली. पाकिटातील भुकटी ठरावीक पाण्यातच विरघळवावी, या साध्या सूचनेमागे परासरणाचा हाच नियम आहे.