परसातले सफरचंद

सफरचंदाची बी पेरली तर झाड उगवते, पण त्याला मूळ झाडासारखे फळ येत नाही. सफरचंदाच्या फुलाला सहसा दुसऱ्या जातीचे पराग लागतात, त्यामुळे प्रत्येक बी हा एक नवा संकर असतो. हापूसची कोय रुजवून रायवळ मिळावा, तसाच हा प्रकार. अशा झाडाची फळे बहुधा आंबट-तुरट निघतात. क्वचित मात्र त्यातूनच नामांकित जात जन्माला येते. इंग्लंडमधील साउथवेल येथे १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने घराच्या बागेत बिया लावल्या. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाकडे आले. १८५६ साली हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकाकाराने कलमासाठी काड्या मागितल्या, तेव्हा फळाला आपले नाव द्यावे अशी अट ब्रॅम्लीने घातली. झाड लावणाऱ्या मुलीचे नाव त्यामुळे मागे पडले, याची हळहळ वाटते. आज ब्रिटनमध्ये शिजवण्यासाठी सर्वांत लाडके असलेले ब्रॅम्ली सफरचंद त्या एका झाडाच्या कलमांमधूनच पसरले.

घरी लावायचे झाड म्हणूनच कलमी असते. फळ कोणते येणार हे कलमाची काडी ठरवते. झाड किती वाढणार हे मुख्यतः खालचा खुंट ठरवतो. इंग्लंडच्या केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या खुंटांची वर्गवारी केली. त्यातील एम-९ खुंटावरचे झाड अडीच-तीन मीटरवर थांबते आणि लवकर फळते, पण मुळे कमकुवत असल्याने त्याला कायम आधाराची काठी लागते. एमएम-१०६ वरचे झाड चार-पाच मीटरपर्यंत जाते. लहान अंगणाला पहिला खुंट बरा, मोकळ्या परसाला दुसरा.

एकटे झाड फुलांनी लगडूनही रिकामे राहू शकते. त्याच सुमारास फुलणारे दुसऱ्या जातीचे झाड जवळपास हवे आणि मधमाश्याही हव्यात. ब्रॅम्लीचे पराग तर इतरांच्या फारसे उपयोगी पडत नाहीत, म्हणून त्याच्या शेजारी आणखी दोन जाती लावण्याची शिफारस करतात. शेजाऱ्याच्या बागेत झाड असेल तर हे काम आपोआप होते.

खरी अडचण थंडीची. हिवाळ्यात पाने गाळून झोपलेले झाड पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय नीट फुटत नाही. अनेक जुन्या जातींना सात अंशांखालील सुमारे हजार तास लागतात. कोकण किंवा विदर्भात ते मिळणे शक्य नाही. उष्ण प्रदेशांसाठी इस्राएलची ॲना, बहामाची डॉर्सेट गोल्डन आणि हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी वाढवलेली एचआरएमएन-९९ अशा कमी थंडीच्या जाती आहेत. शर्मांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ही झाडे लावली आहेत. पूर्व जावातील बातू येथे तर थंडीच नसते; तिथे तोडणीनंतर हाताने पाने ओरबाडून झाडाला नवा बहर धरायला लावतात.

निगा फार नाही, पण वेळच्या वेळी लागते. थंड प्रदेशात छाटणी झाड झोपलेले असताना करतात. मधला भाग मोकळा ठेवला की ऊन आणि वारा आत पोहोचतो आणि खवड्या रोगाला आळा बसतो. फळे सुपारीएवढी झाली की काही आपणहून गळतात. त्यानंतर प्रत्येक घोसात एक-दोनच ठेवून बाकीची काढून टाकावी लागतात. हे जिवावर येते, पण टाळले तर फळे बारीक राहतात, फांद्या मोडतात आणि पुढच्या वर्षी झाड रुसते.

तोडणीचा क्षण ओळखण्यात घरच्या झाडाचे सगळे सुख आहे. फळ तळहातात धरून किंचित उचलावे आणि हलकेच पिळावे. देठ फांदीपासून सहज सुटला तर फळ तयार आहे. कापून पाहिले तर बिया तपकिरी झालेल्या असतात आणि तांबड्या सालीखालचा हिरवा रंग पिवळसर झालेला असतो. बाजाराचे फळ लांबचा प्रवास सोसावा म्हणून पुरते पिकण्याआधीच उतरवतात. परसात ही घाई नसते. डिस्कव्हरीसारखी ऑगस्टमधली इंग्लिश जात झाडाखालीच खावी, कारण चार-आठ दिवसांत तिचा करकरीतपणा जातो. याउलट कॉक्स ऑरेंज पिपिन ऑक्टोबरच्या सुमारास उतरवून काही आठवडे ठेवले की त्याचा सुगंध खुलतो. ब्रॅम्ली कच्चे खाताना दात आंबतात, पण त्यातील आम्लामुळे ते शिजून मऊसूत होते. साखर आणि लवंग घालून केलेला त्याचा गर वर्षभर पुरवता येतो.

साठवण थंड, अंधाऱ्या जागी करतात. डाग नसलेली फळे एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून एकाच थरात मांडतात. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि तो शेजारच्या फळांना लवकर पिकवतो, म्हणून लवकरच्या आणि उशिराच्या जाती वेगळ्या ठेवाव्यात आणि दर आठवड्याला पाहणी करून नासके फळ काढावे. वाऱ्याने पडलेली, ठेचाळलेली फळे साठवत नाहीत. ती त्याच दिवशी मुरंब्याला, चटणीला किंवा रसाला लागतात. नीट ठेवलेले ब्रॅम्ली मार्चपर्यंत टिकते.